गिटारच्या जुन्या ट्यूब ॲम्पची निगा : वाचकांचे प्रश्न आणि उत्तरे

गिटारच्या जुन्या ट्यूब (काचेच्या निर्वात नळ्यांच्या) ॲम्प्लिफायरविषयी आलेल्या पत्रांतून काही प्रश्न या वेळी निवडले आहेत. बहुतेक पत्रांत ‘कोणता भाग बदलू?’ अशी विचारणा आहे. माझा आग्रह असा की दोष कुठे आहे हे आधी शोधावे आणि मगच भागाला हात लावावा, कारण जुन्या ॲम्पमधला चांगला भाग एकदा काढून फेकला की तसाच दुसरा मिळेल याची खात्री नसते.

उत्तरांकडे वळण्यापूर्वी एक गोष्ट पक्की ध्यानात ठेवावी. या ॲम्पच्या आत साधारण ३०० ते ५०० व्होल्ट डीसी खेळत असतात आणि प्लग काढल्यानंतरही फिल्टर कपॅसिटरमध्ये (वीजपुरवठ्यातली थरथर शमवण्यासाठी वीज साठवणाऱ्या भागांत) ते शिल्लक राहू शकतात. हा धक्का जीवघेणा असतो. म्हणून चॅसी (सर्किटचा धातूचा सांगाडा) उघडून करायची जी कामे खाली सांगितली आहेत, ती अशा उपकरणांवर काम करण्याचा सराव असलेल्या व्यक्तीनेच करावीत. कान देऊन दोष ओळखणे, थंड ॲम्पमधील प्रीॲम्पची (गिटारचा क्षीण सिग्नल आधी वाढवणाऱ्या टप्प्याची) ट्यूब बदलून पाहणे, केबल तपासणे ही कामे मात्र कोणालाही जमण्यासारखी आहेत.

प्रश्न : काकांचा १९६० च्या दशकाअखेरचा अमेरिकन बनावटीचा कॉम्बो ॲम्प माझ्याकडे आला आहे. गेली वीसेक वर्षे तो कपाटात बंद होता, पण दिसायला अगदी नीटनेटका आहे. त्याच्या वायरीला दोनच पिनांचा प्लग आहे. सरळ लावून वाजवून पाहिला तर चालेल का?

उत्तर : कृपया तसे करू नये. वापरच झाला नाही म्हणजे झीजही झाली नसेल असे आपण धरून चालतो, पण इलेक्ट्रोलिटिक कपॅसिटरच्या बाबतीत (फिल्टर कपॅसिटर याच जातीचे असतात) नेमके उलटे घडते. त्यातल्या ॲल्युमिनियमच्या पत्र्यावर ऑक्साइडचा अतिशय पातळ थर असतो आणि तोच विद्युतरोधकाचे काम करतो. कपॅसिटरला अधूनमधून व्होल्टेज मिळत राहिले तर हा थर टिकतो, वर्षानुवर्षे मिळाले नाही तर तो कमकुवत होतो, शिवाय आतला द्रवही सुकत जातो. अशा कपॅसिटरवर एकाएकी ४०० व्होल्ट आले की त्यातून बेसुमार करंट गळतो, तो तापतो, फुगतो, प्रसंगी फुटतो, आणि जाता जाता रेक्टिफायर ट्यूब (एसीचे डीसी करणारी) व मेन्स ट्रान्सफॉर्मर यांनाही घेऊन जातो. कपॅसिटर नवा मिळतो. त्या काळचा ट्रान्सफॉर्मर तसाच्या तसा मिळणे कठीण असते.

पहिली तपासणी डोळ्यांनी आणि नाकाने करावी. मागची फळी काढून कपॅसिटरच्या टोकांना फुगवटा किंवा चिकट, तपकिरी साका दिसतो का, कुठे जळका वास येतो का, उंदरांनी वायरी कुरतडल्या आहेत का, हे पाहावे. फ्यूज बाहेर काढून त्यावरचे मूल्य ॲम्पच्या मागे छापलेल्या मूल्याशी ताडून पाहावे. जुन्या ॲम्पमध्ये दुप्पट क्षमतेचा फ्यूज, किंवा जळालेल्या फ्यूजभोवती गुंडाळलेला चंदेरी कागद, असे प्रकार आढळतात. असे काही दिसले तर आत एखादा दोष होता आणि तो दुरुस्त न करता कोणीतरी दडपून ठेवला, असे समजावे.

पहिल्यांदा वीज देताना ॲम्पच्या मालिकेत ६० ते १०० वॅटचा फिलामेंटचा बल्ब जोडावा. एलईडी बल्ब या कामाला चालत नाही. सर्व ट्यूब काढून ठेवून फक्त ट्रान्सफॉर्मरला वीज दिली असता बल्ब क्षणभर लुकलुकून मंद व्हायला हवा. तो लख्ख पेटून राहिला तर कुठेतरी शॉर्ट आहे, आणि बल्बने करंट रोखून धरल्यामुळे ॲम्प बचावला आहे. व्हेरिअ‍ॅकने (व्होल्टेज कमी-जास्त करता येणाऱ्या ट्रान्सफॉर्मरने) व्होल्टेज हळूहळू चढवून जुने कपॅसिटर पुन्हा तयार करता येतात, असा सल्लाही आपल्याला मिळेल. जीझेड३४ किंवा ५यू४ यांसारखी रेक्टिफायर ट्यूब असलेल्या ॲम्पमध्ये ही युक्ती फारशी साधत नाही, कारण हीटर पुरेसा तापेपर्यंत ती ट्यूब वीज पुढे जाऊच देत नाही आणि तापल्यावर एकदम भरपूर देते. अर्धशतकाहून जुन्या इलेक्ट्रोलिटिक कपॅसिटरवर भरवसा ठेवू नये, ते बदलूनच घ्यावेत, असे माझे स्पष्ट मत आहे. ते बदलताना बायसच्या, म्हणजे स्पीकर चालवणाऱ्या आउटपुट ट्यूबना ऋण व्होल्टेज देऊन त्यांचा करंट आवरणाऱ्या, सर्किटमधला छोटा कपॅसिटर हमखास विसरला जातो. तो आकाराने लहान आणि इतरांपासून बाजूला असतो, परंतु तो बिघडला तर आउटपुट ट्यूबवरचे ऋण व्होल्टेज नाहीसे होते आणि काही मिनिटांत त्या लालबुंद होतात.

दोन पिनांच्या प्लगचे काम तर सर्वांत आधी करावे. त्या काळच्या अनेक अमेरिकन ॲम्पमध्ये मेन्सची एक वायर आणि चॅसी यांच्यामध्ये साधारण ०.०४७ मायक्रोफॅरडचा कपॅसिटर असे. तो आतून शॉर्ट झाला की चॅसी, गिटारची केबल आणि तारा यांच्यात थेट मेन्सची वीज उतरते, आणि तारांवर हात ठेवून अर्थ केलेल्या मायक्रोफोनला ओठ लागले तर वीज शरीरातून जाते. तीन तारांची केबल बसवून अर्थची तार चॅसीला स्वतंत्र बोल्टने घट्ट जोडावी, लाइव्ह तार आधी फ्यूजमधून व मग स्विचमधून न्यावी, आणि तो कपॅसिटर काढून टाकावा. या बदलाने स्वरात तिळमात्र फरक पडत नाही.

ॲम्प ११० ते ११७ व्होल्टसाठी बनलेला असेल आणि आपल्याकडची वीज २३० व्होल्टची असेल, तर पुरेशा क्षमतेचा स्टेप-डाउन ट्रान्सफॉर्मर अनिवार्य आहे. केवळ ६० हर्ट्झसाठी काढलेला मेन्स ट्रान्सफॉर्मर ५० हर्ट्झवर अधिक तापतो, म्हणून सुरुवातीला तासाभराने त्याला हात लावून अंदाज घ्यावा. ट्यूबच्या हीटरचे व्होल्टेजही मोजून घ्यावे. ते ६.३ व्होल्टच्या आसपास, म्हणजे दहा टक्के इकडेतिकडे, एवढ्याच मर्यादेत असावे.

प्रश्न : माझा ॲम्प चालू केला की सतत ‘घूंऽऽ’ असा आवाज येतो. दुरुस्ती करणाऱ्यांनी सगळ्या ट्यूब बदलायला सांगितल्या आहेत. तसे करावे का?

उत्तर : इतक्यात नको. घुमणाऱ्या आवाजाची पट्टी ओळखता आली तर निम्मे निदान घरबसल्या होते, आणि गिटारवादकाच्या हातात त्यासाठी उत्तम साधन असते. मेन्स ५० हर्ट्झची असेल तर फिल्टर कपॅसिटर थकल्यामुळे येणारा हम १०० हर्ट्झचा असतो, कारण रेक्टिफायर लहरीचे दोन्ही अर्धे भाग वापरतो. गिटारच्या सर्वांत जाड ई तारेवर तिसऱ्या फ्रेटला मिळणारा जी हा स्वर ९८ हर्ट्झचा आहे. केबल न लावता तो स्वर वाजवून पाहावा. ॲम्पचा आवाज त्याच्याशी जवळजवळ जुळला तर संशय फिल्टर कपॅसिटरवर घ्यावा, आणि तो त्याहून एक सप्तक खाली, म्हणजे ५० हर्ट्झला असेल, तर हीटरची वायरिंग, अर्थिंग, एखादी सदोष प्रीॲम्प ट्यूब किंवा गिटारचा सिंगल कॉइल पिकअप यांच्याकडे पाहावे. मेन्स ६० हर्ट्झची असेल तेथे वरचा हम १२० हर्ट्झचा असतो आणि तो ए तारेच्या पहिल्या व दुसऱ्या फ्रेटच्या स्वरांच्या बरोबर मध्ये पडतो.

यानंतर गिटारची केबल काढावी. आवाज थांबला तर दोष गिटारमध्ये, केबलमध्ये किंवा आसपासच्या दिव्यांत आहे. न थांबल्यास व्हॉल्यूम शून्यावर आणावा. त्याने हम नाहीसा होत असेल तर दोष व्हॉल्यूमच्या आधीच्या टप्प्यात आहे. तसाच राहत असेल तर ॲम्प बंद करून, थंड होऊ देऊन, आउटपुट ट्यूबच्या सर्वांत जवळची छोटी ट्यूब, म्हणजे फेज इन्व्हर्टर, काढावी आणि पुन्हा चालू करावा. तरीही हम येत असेल तर प्रीॲम्पच्या सगळ्या ट्यूब निर्दोष ठरल्या, आणि त्या बदलून काहीही हाती लागले नसते.

दुरुस्ती करणाऱ्यांचे म्हणणे एका बाबतीत मात्र बरोबर असू शकते. पुश-पुल (आउटपुट ट्यूब जोडीने, आलटून पालटून काम करतात अशा) ॲम्पमध्ये दोन आउटपुट ट्यूब समान करंट घेत असतील तर वीजपुरवठ्यातली थरथर आउटपुट ट्रान्सफॉर्मरमध्ये परस्पर रद्द होते. त्यांपैकी एक थकली की हा तोल जातो आणि कपॅसिटर ठीक असूनही हम ऐकू येतो. दोन्ही ट्यूबचा करंट मोजला की याचा लगेच उलगडा होतो. याउलट उंच स्वर ताणून धरल्यावर त्याच्या खाली एक भलताच बेसूर स्वर उमटत असेल आणि खर्जाचे स्वर लिबलिबीत वाटत असतील, तर ती थकलेल्या फिल्टर कपॅसिटरची नेमकी खूण आहे आणि तेथे नव्या ट्यूबचा काहीही उपयोग होणार नाही.

प्रश्न : ट्यूब बदलल्यावर दर वेळी बायस करावा लागतो का? तसेच ६एल६ या आउटपुट ट्यूबच्या जागी ईएल३४ बसवून पाहावी असे मनात आहे. सॉकेट तर एकच दिसतो.

उत्तर : १२एएक्स७, जिला ईसीसी८३ असेही म्हणतात, आणि १२एटी७ यांसारख्या प्रीॲम्पच्या ट्यूब बदलल्यावर सामान्यतः काहीही जुळवावे लागत नाही. आउटपुट ट्यूबच्या बाबतीत ॲम्पची रचना पाहावी लागते. व्हॉक्स एसी३० मध्ये चार ईएल८४ कॅथोड बायसवर (कॅथोड या इलेक्ट्रॉन सोडणाऱ्या टोकाला लावलेल्या रेझिस्टरमुळे आपोआप ठरणाऱ्या बायसवर) चालतात आणि तेथे फिरवायचा स्क्रू नसतो. परंतु चारही ट्यूब एकाच कॅथोड रेझिस्टरवर असल्यामुळे त्यांतली एक गेली की उरलेल्या तिघींवर अधिक भार येतो. म्हणून त्या जुळवलेल्या चार घ्याव्यात आणि एक बिघडली की बाकीच्याही तपासाव्यात.

फिक्स्ड बायसच्या (वेगळे ऋण व्होल्टेज देऊन बायस ठरवलेल्या) ॲम्पमध्ये, म्हणजे फेंडर व मार्शलच्या बहुतेक मोठ्या ॲम्पमध्ये, नव्या आउटपुट ट्यूबबरोबर बायस तपासलाच पाहिजे. प्रत्येक आउटपुट ट्यूबच्या कॅथोडला १ ओहमचा रेझिस्टर कायमचा बसवून घ्यावा, म्हणजे त्यावर जितके मिलिव्होल्ट दिसतील तितका मिलिअँपिअर करंट असा सोपा हिशेब होतो. उदाहरणार्थ, ६एल६जीसीच्या प्लेटची (इलेक्ट्रॉन गोळा करणाऱ्या पत्र्याची) मर्यादा ३० वॅटची आहे. तिचे सत्तर टक्के म्हणजे २१ वॅट. प्लेटवर ४४० व्होल्ट असतील तर २१ भागिले ४४०, म्हणजे सुमारे ४८ मिलिअँपिअर. ही वरची मर्यादा समजावी, तिथपर्यंत पोहोचलेच पाहिजे असे नाही. मी ३५ ते ४० मिलिअँपिअरवर थांबणे पसंत करतो, कारण तेवढ्यावर स्वर मोकळा राहतो आणि ट्यूबचे आयुष्यही वाढते. करंट बदलला की प्लेटचे व्होल्टेजही बदलते, त्यामुळे दोन्ही पुन्हा मोजावेत. फेंडरच्या सिल्व्हरफेस काळातील काही ॲम्पमध्ये जो बायसचा पॉट (फिरवून बदलता येणारा रेझिस्टर) असतो, तो दोन ट्यूबमधला तोल साधतो आणि एकूण करंट कमी-जास्त करत नाही, हे तो फिरवण्यापूर्वी आराखड्यात पाहून घ्यावे.

वाजवताना आउटपुट ट्यूबच्या आतील करडी प्लेट लाल होताना दिसली तर त्याच क्षणी ॲम्प बंद करावा. बायस गेला असेल, किंवा तिच्या ग्रिडकडे (करंट आवरणाऱ्या जाळीकडे) जाणारा कपलिंग कपॅसिटर गळत असेल. तो कपॅसिटर आधीच्या टप्प्यातले उच्च डीसी व्होल्टेज अडवण्यासाठी असतो. त्यातून काही व्होल्ट जरी झिरपले तरी ग्रिडवरचे ऋण व्होल्टेज तेवढे घटते आणि ट्यूब बेफाम करंट ओढू लागते. अशा वेळी नव्या ट्यूब बसवल्या तर त्याही जळतील. काचेच्या आतल्या बाजूला दिसणारी निळी झाक मात्र बहुधा निरुपद्रवी असते. तिला घाबरून ट्यूब फेकू नये.

ईएल३४चा सॉकेट ६एल६सारखाच आठ पिनांचा असला तरी ती सरळ बसवून चालत नाही. तिचा हीटर १.५ अँपिअर घेतो, ६एल६जीसीचा ०.९. दोन ट्यूब म्हणजे १.२ अँपिअर जास्त, आणि जुन्या मेन्स ट्रान्सफॉर्मरला हा भार झेपेलच असे नाही. शिवाय ईएल३४ची सप्रेसर ग्रिड पहिल्या पिनवर असते आणि ती कॅथोडच्या आठव्या पिनला जोडावी लागते. ६एल६ साठी बनवलेल्या ॲम्पमध्ये पहिली पिन मोकळी असू शकते किंवा कारखान्याने तिचा वापर भलत्याच जोडणीसाठी केलेला असू शकतो. बायसही वेगळा लागतो. मूळ ॲम्प चांगल्या स्थितीत असेल तर हा प्रयोग त्याच्यावर करू नये.

प्रश्न : व्हॉल्यूम फिरवताना खरखर होते. कॉन्टॅक्ट क्लीनर मारला की थांबते आणि पंधरा दिवसांत पुन्हा सुरू होते. पॉट बदलू का?

उत्तर : आधी पॉटच्या टोकांवर डीसी व्होल्टेज आहे का, ते मोजून घ्यावे. तेथे ते शून्य हवे. अर्धा-एक व्होल्ट जरी दिसला तरी पॉटच्या आधीचा कपलिंग कपॅसिटर गळतो आहे आणि खरखर त्यामुळे आहे. पॉट नवा बसवला तरी तोही खरखरेल. डीसी नसेल तर पॉटच्या आतील पट्टी झिजलेली आहे, आणि तेव्हा तो जरूर बदलावा.

प्रश्न : जुने भाग बदलले की ॲम्पचा मूळ स्वर आणि त्याचे मोल जाते, असे ऐकतो. मग दुरुस्ती करावी की करू नये?

उत्तर : या प्रश्नात दोन वेगळ्या गोष्टी एकत्र आल्या आहेत. इलेक्ट्रोलिटिक कपॅसिटर, मेन्सची केबल आणि फ्यूज हे झिजणारे किंवा सुरक्षिततेचे भाग आहेत. ते न बदलणे म्हणजे ट्रान्सफॉर्मर धोक्यात घालणे. ॲम्पचा स्वभाव ज्या आउटपुट ट्रान्सफॉर्मरवर मोठ्या प्रमाणात अवलंबून असतो, तो वाचवण्यासाठीच हा खटाटोप करायचा आहे. याउलट फिल्मचे कपलिंग कपॅसिटर, जुने रेझिस्टर, मूळ स्पीकर यांना केवळ जुने म्हणून हात लावू नये. कपलिंग कपॅसिटर गळत नसेल तर तो आणखी कित्येक वर्षे काम देईल.

कार्बन कॉम्पोझिशन रेझिस्टरबाबत थोडे तारतम्य लागते. काळाबरोबर त्यांचे मूल्य वाढत जाते, आणि प्रीॲम्प ट्यूबच्या प्लेटला असलेले १०० किलोओहमचे रेझिस्टर जुने झाले की कढईत मोहरी तडतडावी तसा आवाज करू लागतात. गिटार न लावताही ही तडतड ऐकू येते. सराव असलेली व्यक्ती चालू ॲम्पमध्ये कोरड्या लाकडी काडीने एकेका भागाला हळूच टोचून दोषी रेझिस्टर किंवा सैल सोल्डर शोधू शकते. जो आवाज करतो तेवढाच बदलावा. सरसकट सगळे बदलून ॲम्प नवा करण्याची जी पद्धत रूढ झाली आहे, ती मला अजिबात पटत नाही, कारण त्यात ज्या भागांनी ॲम्पला त्याचा आवाज दिला, ते कसलीही तक्रार नसताना कचऱ्यात जातात.

नवे फिल्टर कपॅसिटर घेताना व्होल्टेजची मर्यादा मूळ भागापेक्षा कमी नसावी, पण रेक्टिफायरला लागून असलेल्या पहिल्या कपॅसिटरचे मूल्य ‘मोठे ते चांगले’ म्हणून वाढवू नये. जीझेड३४ ट्यूबसाठी ही मर्यादा ६० मायक्रोफॅरडची आहे. त्याहून मोठा कपॅसिटर लावला तर चालू करतानाचा करंटचा लोंढा ट्यूबला सोसत नाही. काढलेला प्रत्येक भाग पिशवीत घालून, कोठून काढला ते लिहून, ॲम्पसोबतच ठेवावा. पुढे ॲम्प ज्याच्याकडे जाईल त्याला या पिशवीचे महत्त्व कळेल.

दुरुस्ती सुरू करण्याआधी प्रत्येक वेळी साठलेला विद्युतभार रिकामा करावा. १० किलोओहम, ५ वॅटचा रेझिस्टर इन्सुलेटेड क्लिपांच्या वायरीला जोडून एक टोक चॅसीला व दुसरे कपॅसिटरच्या धन टोकाला काही सेकंद लावून ठेवावे आणि मग मल्टिमीटरने प्रत्येक कपॅसिटरवर व्होल्टेज उरले नाही याची खात्री करावी. स्क्रूड्रायव्हरने शॉर्ट करून ठिणगी पाडण्याची पद्धत भागांनाही घातक आहे आणि माणसालाही.

प्रश्न : ट्यूब दर वर्षी बदलाव्यात का?

उत्तर : गरज नाही. प्रीॲम्पच्या ट्यूब नीट चालत असतील तर वर्षानुवर्षे टिकतात. चालू ॲम्पमध्ये पेन्सिलीच्या टोकाने ट्यूबवर हलकी टिचकी मारावी. स्पीकरमधून घंटेसारखा नाद किंवा शिटी आली तर ती ट्यूब मायक्रोफोनिक झाली आहे. थोडीशी टकटक ऐकू येणे स्वाभाविक आहे, विशेषतः पहिल्या ट्यूबमध्ये. काचेवरचा चंदेरी डाग पांढरा पडला तर मात्र आत हवा शिरली आहे आणि ती ट्यूब संपली. आउटपुट ट्यूब वापरानुसार लवकर थकतात. स्वराची धार बोथट झाली, आवाज आक्रसल्यासारखा वाटू लागला, की त्या तपासाव्यात. ॲम्प तासन्‌तास स्टँडबायवर ठेवू नये. मध्यांतर मोठे असेल तर सरळ बंद करावा. वाजवून झाल्याबरोबर उचलून गाडीत घालण्याऐवजी तो थोडा निवू द्यावा, कारण तापलेल्या ट्यूबला हिसके सोसत नाहीत.

प्रश्न : रात्री शेजाऱ्यांना त्रास होऊ नये म्हणून स्पीकरची केबल काढून लाइन आउटमधून रेकॉर्डिंग करतो. ॲम्पला काही अपाय होईल का?

उत्तर : होईल, आणि तो मोठा असेल. हे आजच्या आज थांबवावे. ट्यूब ॲम्पच्या आउटपुट ट्रान्सफॉर्मरला दुसऱ्या बाजूने भार मिळणे आवश्यक असते. भार नसताना गिटारचा सिग्नल दिला तर ट्यूबचा करंट तुटताना ट्रान्सफॉर्मरच्या पहिल्या बाजूवर हजारो व्होल्टपर्यंत उसळी येऊ शकते, आणि तिने वेटोळ्यांमधले इन्सुलेशन भेदले जाते किंवा ट्यूबच्या सॉकेटमध्ये पिनांदरम्यान ठिणगी पडून तेथे काळा, वीजवाहक माग तयार होतो. ट्रान्झिस्टर ॲम्पची सवय असलेल्यांचा येथे घोटाळा होतो, कारण त्या ॲम्पना भार नसल्याने सहसा काही होत नाही आणि शॉर्ट झाल्याने इजा होते. फेंडरच्या अनेक ॲम्पमध्ये मुख्य स्पीकर जॅक मोकळा असताना आपोआप शॉर्ट होतो. त्यामुळे अनवधानाने घडलेल्या चुकीतून ॲम्प काही वेळ वाचतो, पण तसे वाजवत राहावे यासाठी ती सोय नाही.

आपण ॲम्पच्या वॅट क्षमतेहून अधिक क्षमतेचा लोड बॉक्स (स्पीकरऐवजी भार देणारी पेटी) घ्यावा, त्याचा ओहम ॲम्पच्या निवडलेल्या टॅपइतका (आउटपुट जोडणीइतका), म्हणजे ४, ८ किंवा १६, असल्याचे पाहावे आणि रेकॉर्डिंगसाठी त्याचा लाइन आउट वापरावा. ॲम्प ते लोड बॉक्स ही केबल स्पीकरचीच, जाड दोन तारांची असावी. गिटारची शील्ड केबल तेथे लावल्यास ती तापते आणि तुटली की पुन्हा भार नसण्याचीच अवस्था येते. आतापर्यंत असा वापर झालेला असल्याने पुढच्या तपासणीत आउटपुट ट्यूबच्या सॉकेटवर, विशेषतः प्लेट आणि तिच्या शेजारच्या पिनांदरम्यान, काळी रेघ उमटली आहे का, हे भिंग लावून पाहून घ्यावे. तशी रेघ असेल तर सॉकेट पुसून भागणार नाही, तो बदलावा लागेल.